अ‍ॅनिमे आणि पोलीस तपास : मराठीत विनोदी वेबमालिका करायची तर

रातकिडा

‘अ‍ॅनिमे क्राइम्स डिव्हिजन’ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन.) रॉकेटजंप ही व्हिडिओ बनवणारी कंपनी आणि क्रंचीरोल ही अ‍ॅनिमे दाखवणारी स्ट्रीमिंग सेवा यांनी मिळून २०१७ मध्ये आणलेली ही इंग्रजी विनोदी वेबमालिका. दुसरा सीझन २०१८ चा. निओ ओताकू सिटी नावाचं शहर, तिथले सगळेच अ‍ॅनिमेवेडे, आणि अ‍ॅनिमेशी संबंधित गुन्ह्यांसाठी पोलिसांचं वेगळं पथक. सुंगवॉन चो याने केलेला डिटेक्टिव्ह जो फुरुया आणि रायली रोझ क्रिचलो हिने केलेली त्याची जोडीदार डीझल, ही मुख्य जोडी.

ही मालिका चालते याचं कारण मला असं दिसतं की फॅन लोकांकडे बघून हसणारं बाहेरचं माणूस त्या शहरात नाहीच. दुर्मिळ वस्तू हरवली की तिथे खून झाल्यासारखीच धावपळ होते, आणि नट तो प्रसंग पूर्ण गांभीर्याने करतात. रॉकेटजंपच्याच ‘व्हिडिओ गेम हायस्कूल’मध्ये, २०१२ ते २०१४ या काळात, हेच तंत्र होतं : अख्ख्या जगाला गेमिंग सर्वात महत्त्वाचं वाटतं, एवढं एक गृहीत धरायचं आणि पुढे सगळं सरळ सांगायचं.

मराठीत असं काही करू पाहणाऱ्यांसाठी हा धागा. समजा ९ मिनिटांचा एक भाग, असे ३ भाग, सहा-सात माणसं आणि एक कॅमेरा.

पटकथेबद्दल माझं मत ठाम आहे. फॅनला जे ठाऊक असतं तोच पुरावा असला पाहिजे. कॉस्प्ले (पात्रासारखा पोशाख करणं), पोस्टर, नाकातून रक्त (अ‍ॅनिमेतली भाळल्याची ठरलेली खूण), हे सगळं नुसतं सजावटीला असेल तर पहिल्या दोन मिनिटांत दम संपतो. कसोटी सोपी आहे : पटकथेतून अ‍ॅनिमे काढा आणि त्या जागी क्रिकेट घाला. केस तशीच सुटत असेल तर ती केस अ‍ॅनिमेची नव्हेच.

असे पुरावे कोणते, कसे दाखवायचे, कुठे फसतात, यावर जाणकारांनी लिहावं. दिवे, पोशाख, आवाज हेही येऊ द्या.

उत्तररंग

क्रिकेटची कसोटी आवडली. त्या कसोटीला उतरणारा माझ्या मते सर्वात भक्कम पुरावा म्हणजे वेळापत्रक.

जपानी वाहिन्या मध्यरात्रीनंतरचे कार्यक्रम आदल्या दिवसाच्या हिशोबात धरतात आणि घड्याळ २४ च्या पुढे नेतात. ‘शुक्रवार २५:३०’ असं छापलेलं असेल तर ती शनिवारची पहाटेची १:३० वाजताची वेळ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. म्हणजे आपल्याकडे शुक्रवारीच रात्री १० वाजता.

आता संशयित म्हणतो, “साहेब, चोरी झाली तेव्हा मी घरी नवा भाग लाइव्ह बघत होतो. शनिवारी, रात्री १० ला.” त्याने कुठूनतरी २५:३० म्हणजे शनिवार एवढंच ऐकलंय, आणि वेळ बदलताना वार बदलायचा राहिलाय. तो २४ तासांनी चुकला. खऱ्या फॅनकडून ही चूक होत नाही, म्हणजे तो फॅन असल्याचं सोंग करतोय. एकाच ओळीत सबबही कोसळते आणि हेतूही उघडा पडतो.

हे लिहिताना तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, साडेतीन तास वजा करायचेत, मिळवायचे नाहीत. दुसरं, कायदेशीर स्ट्रीमिंगवर भाग टीव्हीच्या नेमक्या वेळी येतोच असं नाही, बरेचदा नंतर येतो. म्हणून तुमच्या काल्पनिक अ‍ॅपवर ‘जपानसोबत एकाच वेळी’ अशी पट्टी पडद्यावर दिसू द्या, नाहीतर कमेंटमध्ये पहिली हरकत तीच येईल. तिसरं, पात्र अमेरिकेत बसलेलं असेल तर उन्हाळी वेळेचा तास येतो. जपानमध्ये आणि आपल्याकडे ती भानगड नाही. केस भारतातच ठेवा.

दुसरा पुरावा रीजन कोडचा, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणाऱ्या खुणेचा. ब्लू-रेमध्ये जपान ‘ए’ गटात, भारत ‘सी’ गटात. डीव्हीडीत जपान २, भारत ५. “जपानहून आणलेली डिस्क इथेच घेतलेल्या प्लेअरवर बघत होतो” हा जबाब तिथेच फुटतो. पण काही डिस्क रीजन-फ्री असतात, तेव्हा वेष्टनाच्या मागचं रीजनचं चिन्ह क्लोजअपमध्ये दाखवलंच पाहिजे. ते न दाखवता निकाल दिला तर प्रेक्षकाशी अन्याय.

कागदी वाघ

उत्तररंग, वेळापत्रकाचा मुद्दा फारच छान. पण तो कानाने कळतो. पडद्यावर डोळ्याने कळणारा पुरावा हवा असेल तर ट्रेडिंग कार्ड घ्या, म्हणजे फॅन लोक जमवतात आणि खेळतात ती पत्त्यांसारखी कार्डं.

पोकेमॉनचं कार्ड ६३ × ८८ मिमी. यू-गी-ओचं ५९ × ८६ मिमी. त्यामुळे स्लीव्ह, म्हणजे कार्ड ठेवायची प्लास्टिकची पाकिटं, हीही दोन मापांत येतात : मोठी साधारण ६६ × ९१, छोटी ६२ × ८९. मोठं कार्ड छोट्या स्लीव्हमध्ये जातच नाही. रुंदीला १ मिमीने अडतं आणि जोर लावला तर स्लीव्हची शिवण वरून उसवते. उलट छोटं कार्ड मोठ्या स्लीव्हमध्ये ढिलं पडतं, दोन्ही बाजू मिळून ७ मिमी जागा उरते आणि स्लीव्ह कलती केली की कार्ड घसरतं.

आता दृश्य बघा. चोराने अस्सल कार्ड काढून त्याच रंगाच्या पाठीचं दुसऱ्या खेळातलं कार्ड स्लीव्हमध्ये सरकवलंय. टेबलावर पडलं असताना काही कळत नाही. नवी हवालदार ती स्लीव्ह चिमटीत धरून कानाशी हलवते. टिक, टिक. आत कार्ड आपटतंय. इन्स्पेक्टर मान वर करतो. संवादाची गरजच नाही.

खेळ काल्पनिक ठेवा, मापं मात्र खरी घ्या. बाजारातल्या तयार स्लीव्ह तशाच वापरता येतात. छपाईसाठी ३०० जीएसएम आर्ट कार्ड सांगा. डिजिटल प्रेसच्या १२ × १८ इंची शीटवर ६३ × ८८ ची कार्डं, चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून, शीटच्या रुंदीला ३ आणि लांबीला ६ अशी लावली तर १८ बसतात. उभी लावलीत तर १६ च. लॅमिनेशन मॅट घ्या. ग्लॉसी घेतलं की वरच्या दिव्याचा पांढरा चट्टा नेमका कार्डाच्या नावावर पडतो. पुढची-मागची छपाई मिलिमीटरभर इकडेतिकडे सरकतेच, म्हणून मागच्या बाजूला बारीक चौकट आखू नका, रंग कडेपर्यंत जाऊ द्या. चौकट असली की सरकलेली छपाई लगेच डोळ्यात भरते आणि प्रेक्षक तिलाच पुरावा समजून बसतो.

नकली-अस्सल ओळखण्याचा प्रसंग हवा असेल तर तेही सोपं आहे. अस्सल पोकेमॉन कार्डाची कड भिंगातून पाहिली तर कागदाच्या थरांमध्ये एक गडद रेघ दिसते. यू-गी-ओच्या कार्डावर खालच्या उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोनी होलोग्राम असतो. तुमच्या काल्पनिक खेळाला यांपैकी एकच खूण द्या. दोन दिल्या की प्रेक्षक गोंधळतो.

फिगरच्या, म्हणजे पात्रांच्या बाहुल्यांच्या, बाबतीत एक सुचवतो : नेंडोरॉइड. उंची साधारण १० सेंटिमीटर, डोकं मोठं, आणि चेहऱ्याच्या पाट्या बदलता येतात. बहुतेक फिगरसोबत हसरा, रागावलेला असे एकाहून जास्त चेहरे असतात. फक्त हसरा चेहरा चोरीला गेलाय. बाकी बाहुली जागच्या जागी. यावरच अख्खा भाग उभा राहतो.

चौकट

चेहऱ्याची चोरी फार सुंदर कल्पना आहे.

पोशाखातला एक पुरावा माझ्याकडून. किमोनो आणि युकाता जिवंत माणूस नेहमी डावा पदर वर घेऊन नेसतो. उजवा पदर वर फक्त मृतदेहाला. कॉस्प्ले मेळाव्यातल्या फोटोत एकाचा उजवा पदर वर दिसतो; म्हणजे हा नवशिका, दहा वर्षांपासून कॉस्प्ले करतोय हे खोटं.

पण सावध राहा. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा सेल्फी आरशासारखी उलटी साठवतो. तशा फोटोत डावा पदर उजवा दिसतो. ही पुराव्यातली भेग पटकथेत वापरता येते : पहिल्यांदा इन्स्पेक्टर चुकीच्या माणसाला धरतो, आणि मग हवालदाराला त्याच फोटोत मागच्या दुकानाची पाटी उलटी वाचायला मिळते. भागाच्या मध्याला जो उलटा फासा लागतो तो इथे आयता मिळाला. शूटिंगच्या दिवशी मात्र फोनच्या सेटिंगमध्ये आरसा चालू आहे की बंद, हे खरोखर फोटो काढून बघा. नाहीतर एडिटिंगला बसल्यावर फोटो सुलटा निघेल आणि केसच राहणार नाही.

हीच गोष्ट मांगाची. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, उजवीकडून डावीकडे वाचायचा. इंग्रजीत सुरुवातीला पानं आरशासारखी उलटवून छापलेल्या आवृत्त्या निघत, त्यात उजव्या हाताने तलवार चालवणारा डावखुरा होतो. “माझा हिरो तर डावखुरा आहे” असं ठणकावून सांगणारा माणूस कुठली आवृत्ती वाचून आलाय ते त्या एका वाक्यावरून कळतं.

रातकिडा

यातलं निम्मंही सर्वसाधारण प्रेक्षकाला माहीत नसणार. घरातल्या आईबाबांनी बघितलं तर त्यांना २५:३० कसं पोचवायचं? इन्स्पेक्टरला भाषण द्यायला लावलं की विनोद मेला.

उत्तररंग

नियम आधी, पुरावा नंतर. पहिल्या तीन मिनिटांत नियम एखाद्या भलत्याच कामासाठी दाखवून टाका. उदाहरणार्थ, पोलीस चौकीतला ड्यूटीचा तक्ता २४ च्या पुढच्या वेळेत लिहिलाय. हवालदार विचारते, “साहेब, माझी ड्यूटी २६ वाजता?” साहेब चहाचा कप न सोडता सांगतात, “पहाटे दोन. आजच्याच तारखेत.” झालं. हशाही मिळाला आणि नियमही पोचला. मग सहाव्या मिनिटाला तो तक्ता मागे भिंतीवर नुसता दिसू द्या. आठव्या मिनिटाला तोच निकाल लावेल. ज्याला आधीपासून माहीत होतं तो खूश, ज्याला नव्हतं तो जास्त खूश, कारण त्याला स्वतःला सापडल्यासारखं वाटतं.

गुन्हेगार लपवायचा की आधीच दाखवायचा, हाही प्रश्न आहे. ९ मिनिटांत चार संशयित उभे करता येत नाहीत. प्रत्येकाला जेमतेम मिनिट येतं आणि कुणीच लक्षात राहत नाही. म्हणून मी तरी उलटी रचना घेईन : गुन्हा पहिल्याच मिनिटात करणाऱ्यासकट दाखवायचा, आणि मजा पकडण्यात ठेवायची. अमेरिकेत ‘कोलंबो’ने हे रूढ केलं, जपानमध्ये १९९४ पासून ‘फुरुहाता निन्झाबुरो’ने. विनोदाला ही रचना मानवते, कारण गुन्हेगाराची तारांबळ प्रेक्षकाला दिसत राहते.

रहस्य ठेवायचंच असेल तर ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ या जपानी मालिकेची युक्ती आहे : उलगडा होईपर्यंत गुन्हेगार नुसती काळी आकृती, पांढरे डोळे आणि पांढरे दात. ही खूण इतकी रुळली की त्या काळ्या आकृतीलाच नायक करून २०१७ मध्ये विनोदी मांगा निघाला, २०२२ मध्ये त्याचं अ‍ॅनिमे झालं. तुमच्या मालिकेत काळा बॉडीसूट घातलेला माणूस चौकीत तक्रार नोंदवायला येतो आणि सगळे त्याच्याशी अगदी नेहमीसारखे बोलतात, हा एक प्रसंग मला फार बघायचाय.

वेळेची वाटणी साधारण अशी ठेवा. पहिलं मिनिट गुन्हा. टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेचं शीर्षकगीत ९० सेकंदांचं असतं, तुम्ही २० सेकंदांवर थांबा. साडेतीन मिनिटांपर्यंत पंचनामा आणि नियम. पुढची दोन मिनिटं जबाब. मग चुकीच्या माणसाला धरणं. साडेसात मिनिटांच्या आसपास चार सेकंदांचं आयकॅच, म्हणजे जाहिरातीच्या आधी-नंतर येणारं ते छोटं चित्र. ते नेमकं उलगड्याच्या आधी टाका आणि त्यावर सगळे पुरावे एका चौकटीत मांडा. एलरी क्वीन यांच्या कादंबऱ्यांत उलगड्यापूर्वी वाचकाला उघड आव्हान दिलेलं असे. आयकॅच तेच काम करतं आणि अ‍ॅनिमेचंही वाटतं. शेवटची १५ सेकंदं पुढच्या भागाच्या झलकीला.

पंच क्रमांक दोन

पोलिसी बाजू मराठीत नीट आली तर या मालिकेला इंग्रजीपेक्षा जास्त रंग चढेल, कारण आपल्याकडे पंचनाम्याची भाषा आहे. ती भाषा तशीच्या तशी ठेवून आत अ‍ॅनिमेच्या वस्तू घाला. कागदी वाघ यांच्या केसचा पंचनामा असा :

“सदर वस्तू ही अंदाजे दहा सेंटिमीटर उंचीची, निळ्या केसांची, प्लास्टिकची बाहुली असून ती शोकेसमधील वरून दुसऱ्या कप्प्यात पूर्वेकडे तोंड करून उभी असल्याचे दिसले. मात्र तोंड मिळून आले नाही.”

हे वाचताना हवालदाराच्या चेहऱ्यावर रेषही हलता कामा नये. लांब वाक्यं, ‘सदर’, ‘मिळून आले’, ‘समक्ष’, ‘जप्त करण्यात येत आहे’. दोन पंच बाजूला उभे हवेत आणि शेवटी त्यांच्या सह्या.

कायद्याची कलमं आता नवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यामुळे चोरीला ३७९ म्हणणारा इन्स्पेक्टर जुना वाटेल. चोरी आता ३०३ मध्ये. एफआयआर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ खाली. आणि डिटेक्टिव्ह मालिकांचा लाडका शेवट, गुन्हेगाराची पोलिसांसमोर रडत रडत कबुली, कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. साक्ष अधिनियमात हे पूर्वीही होतं, नव्या कायद्यातही आहे. त्यावर एक चांगला प्रसंग होतो : गुन्हेगार समुद्राकडे बघत, वाऱ्यावर केस उडवत लांबलचक कबुली देतो आणि हवालदार थांबवून म्हणते, “हे सगळं चालणार नाही, चेहरा कुठे ठेवलाय तेवढं सांगा.” कायद्यानेही ती बरोबरच आहे, कारण सांगितल्यावरून माल सापडला तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो.

नकलेसाठी ‘सीआयडी’चा दरवाजा तोडण्याचा संवाद मात्र टाळा. १९९८ पासूनची ती मालिका प्रत्येकाला पाठ आहे आणि तिची नक्कल प्रत्येकाने करून झालीय.

गणवेश घालून रस्त्यावर चित्रीकरण करणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, परवानगी घ्या आणि तिची प्रत सेटवर ठेवा. दोन शॉटच्या मधल्या वेळेत नटांनी गणवेशावर साधा शर्ट चढवावा. लोक खरोखर तक्रार घेऊन येतात.

दिवाबत्ती

चौकशीच्या खोलीतली ती पट्ट्यापट्ट्यांची सावली स्वस्तात होते. ५ मिमी सनबोर्डचा २ × ३ फुटी तुकडा घ्या, कडेला ५ सेंटिमीटर सोडून ३ सेंटिमीटरच्या आडव्या फटी कापा, दोन फटींमध्ये ४ सेंटिमीटरची पट्टी. दिवा ८ ते १० फुटांवर, बोर्ड भिंतीपासून किंवा नटापासून दोन-तीन फुटांवर. सावली पसरट येत असेल तर बहुतेक वेळा बोर्ड दिव्याला चिकटून ठेवलेला असतो. तो दिव्यापासून लांब न्या, भिंतीकडे सरकवा. आणि दिव्यावरचा सॉफ्टबॉक्स काढा. मऊ उजेडात पट्ट्या उमटत नाहीत, उघडा एलईडी हवा. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला काळं कापड टांगा, नाहीतर पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड सगळी सावली धुऊन टाकतो.

फ्लिकर (दिव्याची लुकलुक) : आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. २४ फ्रेमवर शूट करताना शटर १/५० ठेवा. अंशांत सांगायचं तर १७२.८. फोन असेल तर मॅन्युअल अ‍ॅपशिवाय हे जमणार नाही, कारण फोन आपल्या मनाने शटर बदलत राहतो. स्वस्त एलईडी ट्यूब तरीही लुकलुकतात, आदल्या दिवशी त्याच खोलीत रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर बघा.

आता अ‍ॅनिमेची चाल. टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेत पडदा २४ फ्रेमचा असला तरी चित्रं बरेचदा सेकंदाला ८ किंवा १२ च असतात. एडिटिंगमध्ये प्रतिक्रियेच्या शॉटला पोस्टराइझ टाइम (फ्रेम कमी करणारा इफेक्ट) लावून ८ वर आणलं की तोच झटका येतो. फक्त दोन अटी. त्या शॉटमध्ये संवाद नको, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. आणि कॅमेरा स्टँडवर घट्ट हवा. कॅमेरा फिरत असेल तर तो इफेक्ट वाटत नाही, व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो.

वेगाच्या रेषा एकाच चित्राच्या हलवून चालत नाहीत. तीन वेगवेगळी चित्रं काढा, मधोमध चेहऱ्यापुरती जागा मोकळी, आणि प्रत्येक चित्र दोन-तीन फ्रेम धरून आलटूनपालटून फिरवा. नटाने मात्र डोळ्याची पापणीही हलवायची नाही. मागचं पळतंय आणि माणूस गोठलाय, यातच सगळी गंमत आहे.

चष्म्याची चकाकी प्रत्यक्षात करायची असेल तर लेन्सच्या किंचित वर छोटं एलईडी पॅनल धरा आणि नटाला हनुवटी हळूहळू खाली घ्यायला सांगा, एका कोनात काच पांढरी होते. दोन्ही काचा एकदम पूर्ण पांढऱ्या हव्या असतील तर वाट बघत बसू नका, पोस्टमध्ये मास्क टाका.

कात्री-सुई

विगबद्दल लिहिते. नवा सिंथेटिक विग कॅमेऱ्यात बाहुलीच्या केसांसारखा चमकतो. टाल्कम पावडर थोडी थोडी मुळाशी लावून ब्रशने झटका, चमक बसते. काळ्या विगला पावडर फार झाली तर राखाडी दिसतो, तिथे ड्राय शॅम्पू बरा. आकार देण्यासाठी उष्णता लावायची तर वेष्टनावर ‘हीट रेझिस्टंट’ लिहिलेलं हवं, आणि तरीही आधी आतल्या बाजूच्या एका बटेवर सर्वात कमी तापमानात करून बघा. साधा सिंथेटिक धागा लगेच आखडतो.

हाच धागा पुरावा म्हणूनही चालेल. ज्योतीवर धरला की सिंथेटिक धागा वितळून कडक मणी होतो, माणसाचा केस जळून चुरा होतो आणि वास येतो. घटनास्थळी निळा केस सापडला, चिमट्यात धरून पेटवला, मणी झाला. “विग आहे साहेब.” मेळाव्यात निळ्या विगचे चाळीस लोक उभे, ही पुढची पंचाईत. आगीचा शॉट विग घातलेल्या नटाजवळ घेऊ नका, विग भराभर पेट घेतो. वेगळ्या टेबलावर, बाजूला पाणी ठेवून इन्सर्ट घ्या.

बिल्ले आणि चिलखत इव्हा फोममध्ये : बिल्ल्याला ५ मिमी, शस्त्राला १० मिमी. कापून झाल्यावर हीट गन फिरवा, पृष्ठभाग जरासा चकाकला की थांबा. त्याने बारीक छिद्रं बंद होतात. जोडायला फेविबॉन्डसारखं सिंथेटिक रबर अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही कडांना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटं, थांबायचं. पावसाळ्यात कोकणपट्टीत याहून जास्त. घाई केली की सांधा शूटिंगच्या मध्यात सुटतो. एकदा दाबलं की हलवता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने खुणा करा. रंगाआधी सीलरचे दोन-तीन हात दिलेच पाहिजेत, नाहीतर कोपर वाकला की अ‍ॅक्रिलिक तडकतो.

फोमचं पिस्तूल काळं-चंदेरी रंगवलं असेल तर ते ट्रेनमध्ये हातात घेऊन जाऊ नका. बंद पिशवीतच.

बूमवाली

पॉलिएस्टरचे कॉस्प्ले कपडे कॉलर माइकचा घात करतात, प्रत्येक हालचालीला सळसळ. माइक कपड्याच्या आत न लपवता टायच्या गाठीत किंवा विगच्या कडेला केसांत बसवा. मात्र विगची बट माइकला टेकता कामा नये. टेकली तर तिचाही आवाज येतो. बूम (लांब काठीवरचा माइक) मिळत असेल तर बूमच वापरा. पंखा, एसी, फ्रिज बंद, आणि प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा.

मनातल्या मनात बोलणं हा या प्रकाराचा अर्धा विनोद आहे. ते त्याच दिवशी, त्याच माइकवर, तोंडापासून वीतभर अंतरावर, कपड्यांनी भरलेल्या कपाटाशी तोंड करून घ्या. उच्चार जरा जवळचा, श्वास ऐकू येईल इतका. महिनाभराने दुसऱ्या खोलीत घेतलेलं मनोगत दुसऱ्याच माणसाचं वाटतं. आणि मनात तीस सेकंद बोलणं चालू असताना समोरचा नट काय करतोय ते लिहून ठेवा. अ‍ॅनिमेत तो गोठलेला असतो, तुमच्याकडे तो वाट बघत बिस्कीट खाऊ शकतो.

इंटरनेटवर फिरणारे तयार ‘धडाम’ आवाज नकोत, ते अनेकदा कुठल्यातरी मालिकेतूनच उचललेले असतात. ढोलाचा एक खोल ठोका आणि झांजेचा उलटा चालवलेला आवाज, एकावर एक. स्वतःचा होतो आणि बराही लागतो. मिक्स करताना यूट्यूबसाठी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास राहा. धक्क्याच्या आवाजांमुळे संवाद दबत असतील तर धक्के कमी करा, संवाद वाढवत बसू नका.

रातकिडा

सगळ्यांनी भरभरून लिहिलंय. हक्कांचं राहिलं. खऱ्या अ‍ॅनिमेची नावं, क्लिप, गाणी कितपत वापरता येतात?

पंच क्रमांक दोन

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२. त्यात टीका आणि परीक्षण यांसाठी वाजवी वापराची सूट आहे. ‘विडंबन’ असा शब्द कायद्यात लिहिलेला नाही, त्यामुळे विडंबन म्हणून केलं एवढ्याने आपोआप संरक्षण मिळतं असं समजू नका. त्यातून यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा तुमचा हेतू बघत नाही, नुसता आवाज आणि चित्र जुळवते. शीर्षकगीताचे काही सेकंदही पकडले जातात. म्हणून क्लिप आणि गाणी अजिबात नको. संवादात एखाद्या मालिकेचं नाव घेतलं तर त्याने सहसा अडत नाही, पण लोगो आणि पात्रांची चित्रं भिंतीवर लावू नका. एक काल्पनिक अ‍ॅनिमे रचा, त्याला नाव, दोन पात्रं, एक गाणं आणि एक ठरलेला संवाद द्या, आणि तिन्ही भागांत तेच वापरा. तिसऱ्या भागापर्यंत प्रेक्षक त्याचे फॅन होतात आणि मग पुरावा ओळखायला त्यांना बाहेरचं काहीच माहीत असावं लागत नाही.

नावांबाबत मात्र मोकळीक आहे. ‘डिटेक्टिव्ह कॉनन’चा नायक एदोगावा कॉनन याचं नाव जपानी रहस्यकथाकार एदोगावा रानपो आणि आर्थर कॉनन डॉयल यांच्या नावांतून जोडलंय, आणि रानपो हे टोपणनाव एडगर अ‍ॅलन पो यांच्या नावावरून. त्याच परंपरेत, बाबूराव अर्नाळकरांना नमस्कार करून, इन्स्पेक्टर रानपो अर्नाळकर ठेवा.

चौकट

नाव मंजूर!

सबटायटलचं एवढं सांगते. मराठी मालिका असली तरी इंग्रजी आणि मराठी दोन्ही द्या, बाहेरगावचे अ‍ॅनिमे फॅन नक्की बघतील. एका वेळी दोनच ओळी, इंग्रजी ओळ ४२ अक्षरांच्या आत, मराठी त्याहून आखूड. एक सेकंदापेक्षा कमी वेळ काहीच ठेवू नका. २५:३० सारखे आकडे पडद्यावर असतील तेव्हा सबटायटल वर सरकवा, नाहीतर पुरावाच झाकला जाईल. मराठी सबटायटल व्हिडिओतच कायमची छापून टाकणार असाल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘ष्ट्य’, ‘र्‍या’, ‘ङ्क्त’ ही जोडाक्षरं आधी टाइप करून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं, ते बंद असेल तर वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. वेगळी एसआरटी (सबटायटलची) फाइल देणार असाल तर ती यूटीएफ-८ या अक्षरसंहितेत साठवा.